ब्रँड तोच, रोजच्या तेवढ्याच. मग माझी सिगारेट दुपटीहून महाग का पडते?

खर्चवही (पुणे)

मी कॉस्टिंगमध्ये आहे, चाकणच्या बाजूला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. एका बुशची, म्हणजे एका छोट्या सुट्या भागाची, किंमत पैशापर्यंत काढायची, हे माझं रोजचं काम. फेब्रुवारीत सिगारेटचे दर वाढले तेव्हा म्हटलं, चला, एकदा आपलाही कॉस्ट शीट मांडू. ज्यांना बातमी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: 1 फेब्रुवारी 2026 पासून सिगारेटवर 40 टक्के जीएसटी, आणि त्यावर लांबीप्रमाणे हजार कांड्यांना 2,050 ते 8,500 रुपये उत्पादन शुल्क. माझं दहाचं पाकीट 170 ला यायचं, ते दोनशेवर गेलं. हिशेबाला सोपं म्हणून एक कांडी 20 रुपये धरते.

तुलनेसाठी शेजारच्या टेबलावरचा दादा घेतलाय. वय माझ्याएवढंच, ब्रँड तोच, रोजच्या पाच. महिन्याला 150 कांड्या म्हणजे 3,000 रुपये. त्याचा हिशेब इथंच संपतो. गेटासमोरच्या टपरीवर तो सुटी सिगारेट घेतो (सुट्या विक्रीवर महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे, हे टपरीवाल्याला कुणीतरी कळवायला हवं), तिथंच ओढतो, कटिंग पितो, परत येतो. महिन्याचं खातं पगार झाला की चुकतं करतो.

आता माझा शीट.

सिगारेट: 3,000. इथपर्यंत बरोबरी.

वाया जाणारा माल: 300. सुटी घ्यायची तर टपरीवर उभं राहावं लागतं, म्हणून मी पाकीट घेते. आई गावाहून येणार असली की उरलेलं पाकीट वॉचमनच्या हवाली. तो फार खूश असतो, आईची चौकशीही आवर्जून करतो.

मागवण्याचा खर्च: 350. दहा मिनिटांत सामान आणून देणारं ॲप. त्याचे डिलिव्हरीचे पैसे, आणि वर दही किंवा ब्रेड. नुसतं पाकीट मागवलं की आणून देणारा पोरगा दारात जरा जास्तच वेळ रेंगाळतो. त्यामुळं माझ्या फ्रिजमध्ये कायम दोन दह्याचे डबे असतात.

जागा: हे सगळ्यांत जड खातं. ऑफिसच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा मी हायवेलगतच्या एका कॅफेत जाते, तिथं धूम्रपानाची वेगळी खोली आहे. तीस किंवा जास्त आसनं असलेल्या ठिकाणी अशी खोली ठेवायला कायदा परवानगी देतो, आणि ती ठेवण्याची वसुली कॉफीतून होते. 180 रुपये गुणिले आठ, 1,440. मग घर. फ्लॅट शोधताना मी एकच अट घातली होती: बाल्कनी मागच्या बाजूला, समोर इमारत नको. असा फ्लॅट त्याच सोसायटीत 2,500 रुपये भाडं जास्त देऊन मिळाला. एजंटला वाटलं मला निसर्गाची आवड आहे. झाडं खरंच दिसतात, ती मला आवडतातही, म्हणून अर्धाच खर्च सिगारेटवर टाकते: 1,250.

वास: 400. पुदिन्याच्या गोळ्या, अत्तर, जादा शॅम्पू, दर सहा महिन्यांनी दात साफ करून घेणं महिन्यांत विभागून. दादाच्या अंगालाही वास येतो. त्याला तो काढावा लागत नाही, एवढाच फरक.

बेरीज 6,740. भागिले 150, म्हणजे कांडीला 45 रुपये. दादाला 20.

एक खातं मी आकड्यात मांडू शकले नाही. टपरीवर फक्त धूर निघत नाही. कुठल्या लाइनवर कुणाची बदली होणार, नव्या प्रोजेक्टसाठी नावं कुणाची गेली, अप्रेझलला साहेबांच्या मनात काय आहे, हे सगळं दादाला मीटिंगच्या आधी कळलेलं असतं, कारण साहेबही तिथंच ओढतात. मी त्या वेळी कॅफेत एकटी, मोबाइलमध्ये बघत. याचे रुपये कसे धरायचे? आमच्या विषयात याला अपॉर्च्युनिटी कॉस्ट, म्हणजे हुकलेल्या संधीची किंमत, म्हणतात, पण परीक्षेत विचारतात तेव्हा आकडा दिलेला असतो.

(लग्नाच्या बाजाराचं खातं मी उघडलेलंच नाही. त्यावर प्रतिसाद नकोत.)

माझं निरीक्षण असं. 17 ची कांडी 20 झाली तेव्हा दादाचा खर्च साडेसतरा टक्क्यांनी वाढला. माझी कांडी 42 वरून 45 वर गेली, सात टक्के. सरकार कर लावतं पाकिटावर, आणि माझा निम्म्याहून जास्त पैसा पाकिटाबाहेर जातो. म्हणजे ज्या कराच्या धाकानं लोकांनी सिगारेट सोडावी असं सरकारला वाटतं, तो माझ्यापर्यंत निम्म्याहून कमी जोरानं पोचतो. उलट लपवण्याचा जो कर मी आधीपासून भरतेय, तो कुठल्याच अर्थसंकल्पात नाही.

प्रश्न: इतर बायकांचाही हिशेब असाच येतो का? कुठलं खातं राहिलंय? 2016-17 च्या तंबाखू सर्वेक्षणात देशात ओढणाऱ्या बायका शंभरात दोन होत्या, पुरुष एकोणीस. त्यामुळं उत्तरं थोडीच येतील असं धरून चालले आहे.

---

नाक्यावरचा

ताई, सोडून टाका. सगळी खाती एकदम बंद. 6,740 ची एसआयपी करा.

खर्चवही

सोडायचं तेव्हा सोडेन, दादा. प्रश्न कांडीच्या किमतीचा आहे. तुम्ही ओढता का, आणि कुठं उभं राहून?

नाक्यावरचा

नाव बघा की. 😀

---

फळा-खडू (सातारा)

मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. शीट सुबक आहे, पण सरासरी किंमत काढून तुम्ही निष्कर्ष सीमांतावर, म्हणजे पुढच्या एका जादा कांडीवर, नेलात. बाल्कनीचे 1,250 रुपये तुम्ही महिन्याच्या एक तारखेलाच देऊन मोकळ्या होता. त्यानंतर बाल्कनीत ओढलेली प्रत्येक जादा कांडी तुम्हाला 20 लाच पडते, म्हणजे दादाइतकीच. माणूस पुढची कांडी पेटवायची की नाही हे त्या 20 वरून ठरवतो. म्हणून कराचा धाक तुम्हालाही तेवढाच लागायला हवा.

कॅफेचं उलट आहे. तिथं आत शिरायचेच 180. मला सांगा, तिथं बसल्यावर तुम्ही एकच ओढून उठता का?

आणि किमतीपुरतं बोलायचं तर आपल्याकडं कर अजून हलकाच होता. सिगारेटच्या किरकोळ किमतीत कराचा वाटा निदान 75 टक्के असावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या वाढीआधी तो आपल्याकडं 53 टक्क्यांच्या आसपास होता, आणि बिडीवर तर 22.

खर्चवही

नाही सर, एकच ओढून उठत नाही. 180 दिलेत म्हटल्यावर दोन तरी होतातच, कधी तीन. वसूल करायचं अंगात आहे. म्हणजे जागेचा खर्च मला कमी ओढायला लावत नाही, एका बैठकीत जास्त ओढायला लावतो. हा मुद्दा शीटमध्ये येत नाही, पण बरोबर आहे. बाल्कनीबद्दल मात्र अर्धंच पटलं. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. नूतनीकरणाच्या वेळी तो खर्च पुन्हा माझ्या हातात येतो, आणि तेव्हाच सोडायचा विचार सगळ्यांत जास्त छळतो.

---

पूर्वभागातली (सोलापूर)

ताई, तुमच्या कॉस्ट शीटची दुसरी बाजू आमच्या घरात आहे. माझी आई बिड्या वळते, आजीपण वळायची. दोघींनी आयुष्यात एक बिडी ओढली नाही. आमच्या गल्लीत बिडी ओढणारी बाई मला आठवत नाही, आणि न वळणारी पण आठवत नाही.

बिडी कंपनीच्या ब्रँचमधनं पान, तंबाखू, दोरा मोजून आणायचं. रात्री पान ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, सकाळी साच्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, सूप मांडीवर घेऊन बसायचं. हजार बिड्या वळायला दिवस जातो. हात चालू ठेवून स्वयंपाकाकडं लक्ष, पोरांकडं लक्ष. आईला हजाराला दोनशेच्या आसपास मिळतात. त्यातनं ब्रँचमध्ये छाट काढतात, म्हणजे बिडी वाकडी, ढिली, तोंड नीट नाही म्हणून बाजूला टाकतात. त्याचे पैसे नाहीत. पान खराब आलं तर हजाराला पान कमी पडतं, मग ते आपल्या पैशानं बाहेरनं आणून भरायचं. ते खातं तुम्ही कुठं टाकाल?

आता तुमच्यासारखं करून बघते. बंडल 25 चं, भाव 25 रुपये धरा. हजार बिड्या म्हणजे 40 बंडलं, 1,000 रुपये. आईचे 200. एक रुपयातले वीस पैसे, आणि बिडीत पान-तंबाखू सोडलं तर आहे काय, तर आईचे हात.

कर वाढायची चर्चा निघाली की बिडी महाग होईल, बायकांचं काम जाईल म्हणून सगळे आमचं नाव घेतात. आता सिगारेट महाग केली आणि बिडीचा जीएसटी 28 वरनं 18 वर आणला. आईची मजुरी त्यानं एक रुपयानं वाढली नाही. काम तर आधीच कमी झालंय, आठवड्याचे सगळे दिवस माल मिळत नाही.

एक गोष्ट मात्र बिडीनं दिली. सोलापूरजवळ कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहत आहे, बिडी कामगार बायकांची दहा हजार घरं. कामगारांचे पुढारी आडम मास्तर, त्यांनी लढून मिळवली, 2006 साली मनमोहन सिंगांच्या हस्ते चाव्या दिल्या. आजी म्हणायची, नवऱ्याच्या नावावर काय आलं नाही, बिडीच्या कार्डावर घर आलं. कार्ड म्हणजे बिडी कामगाराचं ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंडापासनं सगळं त्याच्यावर. म्हणून आई काम अर्धं झालं तरी कार्ड सोडत नाही.

तुम्ही सिगारेट सोडलीत तर आमचं काय जात नाही. आमचं गिऱ्हाईक बिडी ओढणारं आहे.

खर्चवही

तुमचं गणित मी पुन्हा पुन्हा वाचलं. छाट आणि कमी पडलेलं पान, दोन्ही आमच्याकडं 'रिजेक्शन' आणि 'मटेरियल शॉर्टेज' या नावांनी येतात आणि दोन्ही कंपनीच्या खर्चात जातात. ते कामगाराच्या मजुरीतून कापायचं म्हटलं तर आमचे ऑडिटर सही करणार नाहीत. ब्रँचमधून आणलेल्या मालाची नोंद होते का कुठं?

पूर्वभागातली

पुस्तकावर होते. तयार किती आणल्या, छाट किती, सगळं लिहितात. लिहिणारा त्यांचाच.

---

आडवाट (पेडणे)

बाई लपून ओढते याला गोव्यात जुनी तोड आहे. माझी पणजी धुमटी ओढायची. फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेली, निमुळती. जळतं टोक तोंडाच्या आत ठेवून. लहानपणी आम्हाला वाटायचं म्हातारी काहीतरी चघळते आहे. बाहेरून विस्तव दिसत नाही, राख पडत नाही, दोन्ही हात कामाला मोकळे. शेतात वाकून चिखलात काम करताना विझत नाही. आणि तुमच्या मुद्द्याचं म्हणजे, आत हवा कमी मिळाल्यानं ती हळू जळते, एकीत जास्त वेळ निघतो. फणसाचं पान फुकट, तंबाखू आठवड्याच्या बाजारातला. आंध्रच्या किनाऱ्यावर, श्रीकाकुलमकडच्या बायका चुट्टा, म्हणजे गावठी चिरूट, असाच उलटा ओढतात. टाळूच्या कर्करोगाचा अभ्यास करणारे डॉक्टर त्या भागात यासाठीच गेले होते. पणजीच्या टाळूचा रंग कसा झाला होता ते मी पाहिलं आहे, इथं लिहीत नाही.

बारा घरची (मुंबई)

वरच्या शंभरात दोनच्या आकड्यावर जाऊ नका. मी घरकाम करणाऱ्या बायकांच्या संघटनेत काम करते. आमच्याकडं सिगारेट कुणी ओढत नाही, पण सकाळी मशेरी लावल्याशिवाय कामाला निघणारी बाई शोधावी लागते. 1990च्या दशकात मुंबईत मोठा अभ्यास झाला, त्यात 57 टक्क्यांहून जास्त बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होत्या, जवळजवळ सगळ्या न ओढता. धूर नाही, जागा लागत नाही, मोरीत उरकतं. तव्यावर तंबाखू भाजून डबी भरली की बराच काळ पुरते. सासूसमोर चालते, कारण सासूही लावते. म्हणून तुमच्या शीटमधली सिगारेटखेरीज सगळी खाती तिच्याकडं शून्य आहेत, आणि म्हणूनच ती सोडत नाही. पहाटे लावली की अकरापर्यंत भूक मरते, हेही त्यात धरा. तो तिच्या दृष्टीनं फायदा आहे, नाश्त्याचे पैसे वाचतात.

---

हप्तेबंद

नमस्कार. विम्याचं काम करतो. राहिलेलं खातं मी सांगतो: टर्म इन्शुरन्स. बाईला हप्ता पुरुषापेक्षा कमी बसतो, ही तुमची जमेची बाजू. पण धूम्रपान 'हो' लिहिलं की हप्ता साधारण दीडपट, कंपनीप्रमाणे कमी-जास्त. दिवसाला एक की पाच, फरक पडत नाही. गेल्या बारा महिन्यांत निकोटिन घेतलं का, एवढाच प्रश्न असतो.

माझ्या अनुभवात पुरुष बिनदिक्कत 'हो' लिहितात. बायका 'नाही' लिहितात, कारण फॉर्म नवरा किंवा वडील भरून देतात, शेजारी बसलेले असतात. मग तपासणीत रक्तात किंवा लघवीत कोटिनिन, म्हणजे निकोटिनची शरीरात उरणारी खूण, सापडलं की प्रस्ताव अडकतो. नाही सापडलं आणि पुढं तीन वर्षांच्या आत काही झालं, तर दावा नाकारायला कंपनीला कारण मिळतं. तीन वर्षांनंतर विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे पॉलिसीवर शंका घेता येत नाही, पण त्या भरवशावर खोटं लिहू नका. ताई, तुमच्या लपवण्याच्या खात्यात सगळ्यांत मोठी रक्कम ही आहे. कॅफेचे 1,440 किस झाड की पत्ती.

---

थंडीतली मिडवाइफ (ग्लासगो)

मूळची कोल्हापूरची. इथं उलटं करून बघितलं, बाईला सिगारेट सोडण्याचे पैसे दिले, निदान गरोदर बाईला. ग्लासगोत 612 गरोदर बायकांवर प्रयोग झाला, 2015 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. निम्म्यांना नेहमीचं समुपदेशन, निम्म्यांना त्याशिवाय दुकानात चालणारी कुपनं, टप्प्याटप्प्यानं एकूण 400 पौंडांपर्यंत: पहिल्या भेटीला 50, चार आठवडे सोडली तर 50, बारा आठवड्यांना 100, बाळंतपणाजवळ 200. नुसत्या समुपदेशनात 8.6 टक्के बायकांनी सोडली, कुपनांच्या गटात 22.5 टक्के. बोलण्यावर विश्वास नाही, सोडल्याचं कुपन द्यायच्या आधी श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचा.

तुमच्या हिशेबाशी याचा संबंध असा की इथली माझी पेशंट लपवत नाही. दारात उभी राहून ओढते, पैसे फक्त पाकिटाचे जातात, आणि पाकीट भयंकर महाग आहे. तरी महागाईनं जिची सुटली नाही तिची कुपनांनी सुटलेली मी पाहिली आहे. माझ्या सोबतची एक सीनियर नर्स कुरकुरायची, व्यसनी लोकांना बक्षीस कशाला. एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा काचेच्या पेटीतला एका दिवसाचा खर्च काढला तरी ही कुरकुर थांबायला हवी.

फळा-खडू

हे कुपनांचं उदाहरण शिकवायला मिळालं असतं तर मुलं जागी राहिली असती.

---

खर्चवही

सगळ्यांचे आभार. शीट सुधारून ठेवलाय. टर्मचा जादा हप्ता नवीन ओळीत घातला, दाताचा खर्च वाढवला. कॅफे आता 'प्रति कांडी' न धरता 'प्रति बैठक' धरलाय, त्यानं चित्र आणखी वाईट दिसतं. टपरीवरच्या माहितीचं खातं अजून रिकामं आहे. गेल्या आठवड्यात मुद्दाम टपरीवर जाऊन उभी राहिले. साहेब होते. त्यांनी सिगारेट अर्धी टाकली, "चला" म्हणाले आणि गेले. दादा म्हणाला, आज काहीच कळलं नाही. म्हणजे मी तिथं गेले की माहितीच उठून जाते, तिची किंमत मला कधी काढताच येणार नाही.

हप्तेबंद काका, एक विचारायचं होतं. टर्म घ्यायचीच आहे, आणि 'हो' लिहूनच. पण माझा कायमचा पत्ता आईच्या घरचा आहे. पॉलिसीचा कागद तिकडं जाईल का? त्यावर 'स्मोकर' छापलेलं असतं ना?

हप्तेबंद

छापलेलं असतं. ई-पॉलिसी घ्या, ईमेलवर येते. पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा देता येतो, तिथं पुण्याचा द्या. नॉमिनी आईला केलंत तरी तिला वेगळं पत्र जात नाही. रक्त घ्यायला माणूस घरी येतो, सकाळी उपाशीपोटी. आई पुण्यात नसेल तो दिवस धरा.